कासोबाची चोच

धर्माजीबुवाचा आवाज मोठा होता. चौलात त्यानं भजनात वरची पट्टी धरली की खाडीतले होडीवाले वल्ही थांबवून ऐकतात, असं तो स्वतःच सांगत असे, आणि तोंडावर त्याला खोटं पाडायची कुणाची छाती नव्हती. आमची वाडी त्याच्या वाडीला लागून. मधे नुसता काटक्यांचा कूड. त्यामुळे त्याचं बोलणं, खाकरणं, गड्यांवर ओरडणं सगळं आमच्या ओटीवर बसून ऐकू येई. त्याची बायको आवडाबाई, तिचं बोलणं मात्र मला फारसं आठवत नाही. ती कमी बोलत असेल. किंवा बोलतही असेल, पण त्या आवाजापुढे ते कुणाच्या कानावर पडत नसेल.

त्यांच्या घरी एक कासव होतं. विहिरीतलं नव्हे, जमिनीवर चालणारं, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं. धर्माजीच्या बापाची सुपारी गलबतानं काठेवाडाकडे जायची. तिकडून एका तांडेलानं ते आणून दिलं होतं. आवडाबाई लग्न होऊन आली तेव्हा ते करवंटीएवढं होतं. तिनं त्याचं नाव कासोबा ठेवलं. सासऱ्यांच्या देखत मात्र ती त्याला कधी हाक मारत नसे, कारण कासोबाची चाल आणि मामंजींची चाल अगदी एक, आणि हाक मारताना तिला हसू आवरत नसे.

ती त्याला वाडीत मोकळं सोडी. गवत, घोळीची भाजी, गळून पडलेली जास्वंदीची फुलं, जे मिळेल ते तो ओरबाडून खाई. जास्वंदीखाली त्याचा कोपरा होता आणि त्या कोपऱ्यात एक पांढरा तुकडा नेहमी पडलेला असे. समुद्रफेस. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर लाटांबरोबर येतो तो, हाताला खडूसारखा लागणारा. म्हणायला फेस, पण माकूल ही मासळी साफ करताना तिच्या पाठीतून हेच पांढरं हाड निघतं, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. कासोबा ते हाड करकर कुरतडत बसे. हे आवडाबाईला कुणी सांगितलं, की पाट्याच्या कडेला तो तोंड घासतो हे बघून तिचं तिलाच सुचलं, कोण जाणे. बाईमाणसाला असलं काही विचारावं, अशी आमच्या आळीत रीतच नव्हती.

आवडाबाई तापानं गेली, मिठाच्या सत्याग्रहाच्या काही वर्षं आधी. गेली त्या दुपारी ती मधेच शुद्धीवर आली आणि म्हणाली, "कासोबाचा तुकडा संपलाय का, बघा जरा."

धर्माजी उशाशी होता. तो म्हणाला, "आता तुकडाबिकडा ऱ्हाऊं दे. देवाचं नाव घे."

तिनं देवाचं नाव घेतलं. त्यांची एकुलती एक मुलगी काशी तेव्हा आईचे पाय चेपत बसली होती.

बायकोच्या माघारी धर्माजीनं तुळशीची माळ घातली. चौलात राहून मासे सोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. पण धर्माजीनं सोडले, आणि नुसते सोडून तो गप्प बसला नाही. कालवणाची मडकी फोडली, सुकटाचं गाडगं पऱ्याच्या पाण्यात सोडलं, पाटा सात पाण्यांनी धुतला. कोळीण सखुबाई पाटी घेऊन आळीत आली की तो ओटीवरून हात करी, "तिकडून, तिकडून जा! सावली पडंल!" अशाच साफसफाईत एक दिवस त्याला जास्वंदीखाली ते पांढरे तुकडे दिसले.

काशी दिलेली जवळच, रेवदंड्यात. नवरा नामा मुंबईला गिरणीत, म्हणून तिचं माहेरी येणंजाणं रोजचंच. ती म्हणाली, "बाबा, ते नका फेकू. आई त्याच्यासाठी आणायची."

"माशाचं हाड हाय ते. माझ्या दारात न्हाय चालायचं."

"तो तोंड घासतो त्याच्यावर."

"तोंड घासायला तो काय मिशेरी लावतो?" धर्माजीनं तुकडे सुपात भरले आणि खाडीत नेऊन टाकले. स्वतःच्या विनोदावर तो वाटभर हसत होता, हे आम्ही ऐकलं.

मग कासोबाचं भाग्य उजळलं. कूर्म म्हणजे साक्षात विष्णूचा अवतार. तो वाडीत चिखलात काय फिरतो! धर्माजीनं तुळशीवृंदावनाभोवती चुन्याचा गुळगुळीत ओटा केला, त्याला वीतभर कठडा घातला आणि कासोबाला तिथं बसवलं. सकाळी दूधभात, दुपारी केळं, सणावाराला तूप घातलेला शिरा. देवाच्या आधी नैवेद्य कासोबाला. दर एकादशीला पाठीवर चंदनाचा टिळा. आमच्या घरूनही फुलं जात.

वर्षं गेली तसा कासोबाचा वरचा ओठ वाढू लागला. कासवाला दात नसतात, कडक चोच असते. ती पुढे आली, मग खाली वळली. पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं ते मला सांगता येणार नाही, पण ते बोलून दाखवलं हरेश्वरानं. हा हरेश्वर भजनात धर्माजीचा पहिला टाळकरी आणि त्याच्या प्रत्येक शब्दावर मान डोलावणारा. तो म्हणाला, "बुवा, ही गरुडाची चोच! अवतारही विष्णूचा, वाहनही विष्णूचं, आणि दोन्ही तुमच्या दारात!"

झालं. रोह्या-मुरुडाकडून माणसं येऊ लागली. धर्माजी कठड्यापाशी बसून सांगू लागला. सांगताना गरुडाची चोच दर खेपेला जरा मोठी होई. मग एका आषाढीला कासोबानं शिऱ्याला तोंड लावलं नाही. धर्माजीनं टाळ खाली ठेवून सगळ्यांना जवळ बोलावलं. "बघा! मुक्या जिवाला एकादशी कळते." बायकांनी पदर पसरले. आळीत त्या दिवशी धर्माजीएवढा मोठा माणूस दुसरा नव्हता.

द्वादशीला पारण्याचं केळं त्यानं स्वतः सोलून पुढे धरलं. कासोबानं मान लांब काढली. तोंड उघडलं, जितकं उघडत होतं तितकं. वाकडी चोच केळ्यावर आपटली, केळं घसरलं. त्यानं पुन्हा मान काढली. पुन्हा तेच. धर्माजीनं बोटानं केळं कुस्करून चोचीखाली लावलं, तेव्हा त्यानं ते अधाशासारखं चाटलं आणि आणखी मिळेल म्हणून त्याच्या बोटाला चोच घासत राहिला.

त्याला भूक लागली होती. उपास कसला न् काय. धर्माजीला हे तिथंच, त्याच क्षणी कळलं. आणि कळल्यावर त्यानं काय केलं? इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहिलं तर नाही ना. कुडापलीकडे मी होतो. मी मान खाली घालून सुपाऱ्या सोलत राहिलो. तो आत गेला आणि त्या दिवशी भजनाला आला नाही.

पुढचं सगळं काशीनं मागाहून आमच्या घरी येऊन सांगितलं. रोज कुस्करलेलं केळं चाटवून कासोबा जगत होता, पण हलका होत चालला होता. धर्माजीनं गुरांना डाग देणाऱ्या दादूला गुपचूप बोलावलं. दादूनं चोच बघितली, विळी मागितली, आणि कासोबा फिस्सकन आत गेल्यावर म्हणाला, "भाईर आला की बलवा." मग कोर्टाच्या कामाचं निमित्त सांगून धर्माजी अलिबागेला गेला, धोतरात गुंडाळून कासोबाला घेऊन. तिथला गुरांचा डॉक्टर सरळ माणूस. तो म्हणाला, "बैलाचा खूर वाढला तर मी कापीन. ह्याच्या चोचीत रक्त कुठवर आहे ते मला माहीत नाही. चुकीच्या जागी चिमटा लागला तर चीर वरपर्यंत जायची. जाणता माणूस शोधा, आणि लवकर शोधा."

जाणता माणूस शोधायचा म्हणजे चार लोकांना विचारायचं, आणि विचारायचं म्हणजे सांगायचं. धर्माजीनं काही दिवस पावसाच्या नावावर काढले. बोटी बंद आहेत, दर्या खवळलाय. काशी एकदा म्हणाली, "धरमतरची बोट चालू हाय, बाबा." त्यानं ऐकलं नाहीसं केलं. शेवटी तिनंच नवऱ्याला निरोप धाडला. नामानं गिरणीतल्या एका पारशी साहेबाच्या माळ्याला गाठलं. साहेबाच्या बंगल्यात कासवं होती आणि त्यांना बघायला एक डॉक्टर येत असे, दिनानाथ नावाचे, आपल्याच मराठी घरातले. पत्ता मिळाला. नारळी पौर्णिमा होऊन रेवसची आगबोट सुरू झाली आणि धर्माजीला सबब उरली नाही.

आळीत मात्र त्यानं सांगितलं, "मुंबईचे भक्त बलावतायत कासोबाला. दर्शन देऊन येतो." हरेश्वरानं वेशीपर्यंत टाळ वाजवत पोचवलं. काशी टोपली डोक्यावर घेऊन मागून चालत होती. ती म्हणे, बाबा पुढं चालत होते, त्यांनी एकदाही मागं बघितलं न्हाय.

आगबोटीत शेजारच्यानं विचारलं, टोपलीत काय? धर्माजी म्हणाला, केळी. थोड्या वेळानं टोपलीत खरखर झाली. शेजारी टोपलीकडे आणि मग धर्माजीच्या माळेकडे बघत राहिला.

दिनानाथ डॉक्टरांनी कासोबाला हातावर तोलून पाहिलं, टेबलावर ठेवलं आणि तो मान काढेपर्यंत मुकाट वाट बघितली. घाई नाही, ओढाताण नाही. जबड्यामागे दोन बोटं धरून चपट्या काडीनं तोंड उघडलं.

"खायला काय घालता?"

"गवत," धर्माजी म्हणाला. "पाला. वाडीतलं काय काय."

डॉक्टरांनी पुन्हा चोच पाहिली. "गवत ओरबाडणाऱ्याची चोच अशी वाढत नाही. घासून घासून झिजते. खरं सांगा."

चौलात वरची पट्टी धरणारा तो आवाज कुठे गेला कोण जाणे. काशीनं बापाकडे बघितलं. तिला वाटलं होतं तो बोलेल. मग तीच म्हणाली, "शिरा."

"शिरा?"

"दूधभात, केळं. सणाला शिरा."

पलीकडे हत्यारं पुसणारा कंपाउंडर फिसकन हसला. डॉक्टर हसले नाहीत. ते हसले असते तर बरं झालं असतं, असं धर्माजी पुढे काशीला म्हणाला. मरावंसं वाटलं मला, म्हणाला. माळ घालून उभा होतो आणि खोटं बोललो, तेबी जीव वाचवणाऱ्या माणसाशी.

डॉक्टरांनी कासोबाच्या पाठीवरून बोट फिरवलं. "हे बघा. मधल्या रेघा सपाट आहेत. बाहेरच्या उंचसखल. म्हणजे आधी काही वर्षं ह्याला कुणीतरी अगदी नीट सांभाळलंय, आणि मग ते थांबलंय. आधी कोण बघायचं ह्याचं?"

"माझी बायको."

"मग त्यांना का नाही आणलंत? त्यांनाच विचारलं असतं."

काशी पदरानं तोंड झाकून खिडकीकडे वळली. डॉक्टरांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी पुढे काही न विचारता बारीक चिमटा घेतला. कडेकडेनं जरा जरा खुडत, मग कानशीनं घासत त्यांनी चोचीचं टोक उतरवलं. सगळी एकदम काढली नाही. आत जीव असतो, म्हणाले, दोन-तीन खेपांत मागे सारू. मग काशीकडे वळून सांगितलं: दूध बंद, शिजलेलं अन्न बंद. चुन्याच्या ओट्यावरून काढून जमिनीवर सोडा, रानगवत खाऊ द्या. "आणि कुरतडायला समुद्रफेस. इथं लोक विकत घेतात. तुमच्या तर दारात समुद्र आहे."

टेबलाखाली जमिनीवर चोचीचे तुकडे पडले होते. धर्माजी ते बघत उभा राहिला.

घरी आल्यावर त्यानं कासोबाला मागल्या वाडीत सोडलं आणि आळीत सांगितलं की कासोबा एकांतात बसलाय, चातुर्मास संपेपर्यंत दर्शन नाही. म्हणजे अजूनही सुटका नव्हती. एका खोट्यावर दुसरं चालूच होतं. दुसऱ्या खेपेला काशी एकटीच त्याला मुंबईला घेऊन गेली. पण समुद्रफेस आणायला काही तिनं बापाला सूट दिली नाही. "फेकायला तुम्हीच गेला व्हता," ती म्हणाली. एवढंच.

रेवदंड्याच्या किनाऱ्यावर भर सकाळी, जवळा वाळत घातलेला, वास नाकात शिरतोय, आणि आमचे बुवा उपरण्यानं नाक झाकून वाळूत खाली बघत फिरताहेत, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्यांना दिसत काहीच नव्हतं. समुद्रफेस कुठे लागतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. चाळीस पावसाळे समुद्राशेजारी काढलेला माणूस. सखुबाई जाळं झटकत होती. तिनं बराच वेळ त्यांना तसंच फिरू दिलं. मग म्हणाली, "काय शोधतांव, बुवा?"

धर्माजीनं सांगितलं.

"ते भरतीच्या रेषेला. शेवाळात. आवडीबाय हितंच यायची, मीच ठेवायचे तिच्यासाठी." ती उठली, शेवाळ पायानं चाळलं आणि दोन चांगले तुकडे उचलले. पुढे करताना थांबली. "वाळूवर ठेवू का? तुमच्यावर सावली पडंल माझी."

धर्माजीनं दोन्ही हात पुढे केले. तिनं तुकडे हातावर ठेवले. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. सखुबाई जाळ्याकडे परत गेली.

कार्तिकी एकादशीला एकांत संपायचा होता. सकाळीच लोक जमले. फुलं, तुळशी, लांबून आलेली दोन बैलगाड्या भरून माणसं. धर्माजीनं कासोबाला आणून अंगणात ठेवलं, ओट्यावर नाही, मातीत. आणि त्याच्यापुढे तो पांढरा तुकडा. कासोबा चालत गेला आणि कुरतडू लागला. करकर, करकर. अंगणात तेवढाच आवाज.

"बुवा, चोच कुठं गेली?" कुणीतरी विचारलं. आणि मग हळूच, "त्ये काय खातोय?"

हरेश्वर पुढे झाला. भला माणूस, बुवाला सांभाळून घ्यायची त्याला सवयच. "समुद्राचा फेस, फेस! क्षीरसागरातला. गरुड परत गेला, आता कूर्म फेसावर..."

वाट तयार होती. धर्माजीनं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. लोक आणखी वाकले असते. मी कुडापाशी उभा होतो आणि मला वाटलं, हलवणार हा मान.

"फेस न्हाय," धर्माजी म्हणाला. आवाज इतका बारीक की मागच्यांनी काय, काय, म्हणून विचारलं. त्यानं घसा साफ केला. "माकलाचं हाड हाय. आवडी द्यायची त्याला. मी फेकलं. त्येच्याविना चोच वाढली, खाता येईना झालं. उपास न्हवता तो. उपाशी व्हता. मला म्हाईत व्हतं, आणि मी तुमाला पाया पडू दिलं."

बायकोचं नाव त्यानं चारचौघांत घेतलेलं आळीनं पहिल्यांदाच ऐकलं.

कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर त्याला सोसायला सोपं गेलं असतं. लोकांनी फुलं उचलून देवळाकडे नेली. लांबून आलेल्या एका म्हातारीनं कपाळाचं बुक्क्याचं बोट पदरानं पुसून टाकलं. हरेश्वर रागानं लाल झाला होता, खोटं उघडं पडल्याचा राग की आपलं बोलणं फुकट गेल्याचा, त्यालाच ठाऊक. त्या संध्याकाळपासून भजनात वरची पट्टी हरेश्वराची झाली. धर्माजी मागे खांबाशी बसे आणि इतका हळू म्हणे की शेजारच्यालाच ऐकू जाई. पोरं त्याला माकूलबुवा म्हणू लागली. तो वळूनही बघत नसे. मलाच ओशाळल्यासारखं होई.

माळ त्यानं काढली नाही, मासाही पुन्हा खाल्ला नाही. पण दर भरतीनंतर किनाऱ्यावर जाई, आणि सखुबाईची पाटी आळीत आली की ओटीवरून म्हणे, "बस जरा सावलीला." ती कधी बसली नाही. "न्हाय हो, उशीर व्हतो," म्हणून पुढे जाई.

अडतीस साली तो अंथरुणाला खिळला. शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही सगळे भोवती होतो. काशी पाय चेपत होती. हरेश्वरही आला होता, एवढ्या वर्षांचा राग बाजूला ठेवून त्यानं धर्माजीच्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्यानं म्हणाला, "बुवा, देवाचं नाव घ्या."

धर्माजीचे ओठ हलले. हरेश्वराला काही कळलं नाही. त्यानं मला बोलावलं, मलाही कळलं नाही. काशी उठून जवळ गेली आणि वाकली.

"कासोबाचा तुकडा," धर्माजी म्हणाला, "संपलाय का, बघ जरा."

काशी उठली. मागल्या दारानं वाडीत गेली, जास्वंदीखाली बघून परत आली आणि बापाच्या उशाशी बसली.

"हाय, बाबा," ती म्हणाली. "अजून अर्धा हाय."